२^६४ − १ : या वीस अंकी संख्येचे मूळ अवयव वहीवर काढता येतात का?

रंकाळाकाठ

सर्व सभासदांना नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरी भागात आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची कथा सांगितली की मुले हमखास रंगतात: पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे दुप्पट करत चौसष्ट घरे भरायची. एकूण दाणे २^६४ − १ होतात (^ हे चिन्ह घात दाखवण्यासाठी वापरत आहे). पूर्ण संख्या अशी आहे:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

नववीतील एका मुलीने ही बेरीज संगणकावर स्प्रेडशीटमध्ये करून आणली. तिच्या कागदावर १८४४६७४४०७३७०९६००००० असे छापलेले होते आणि त्यावरून तिने या संख्येला २, ५ आणि १० यांनी भाग जातो असा निष्कर्ष काढला होता. पहिल्या घरातील एकच दाणा विषम, उरलेल्या त्रेसष्ट घरांतील दाणे सम, तेव्हा बेरीज विषमच येणार, हे तिने लगेच मान्य केले, परंतु पाठोपाठ विचारले, "मग सर, हिला नेमका कशाकशाने भाग जातो?" शेवटचा अंक ५ म्हणून ५ ने जातो आणि अंकांची बेरीज ८७ म्हणून ३ ने जातो, इथपर्यंत मुले स्वतःच पोहोचली. त्यापुढे गाडी अडली.

माझे दोन प्रश्न आहेत. या संख्येचे सर्व मूळ अवयव शाळेच्या गणितातून, कागद-पेन्सिलीने शोधता येतील का? आणि सापडलेला शेवटचा मोठा अवयव खरोखरच मूळ संख्या आहे, त्याचे आणखी तुकडे पडत नाहीत, याची खात्री मुलांना यंत्राच्या भरवशावर न सोडता कशी पटवावी?

द्विमान

मी मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करतो. त्या मुलीचा काहीही दोष नाही. बहुतेक स्प्रेडशीट संख्येचे पहिले पंधराच अंक जपतात आणि पुढे शून्ये भरतात. म्हणून ९५५१६१५ च्या जागी ९६००००० उमटले.

आमच्या व्यवसायात ही संख्या रोजच्या ओळखीची आहे. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ती लिहिली तर सलग चौसष्ट वेळा १ येतो, आणि संगणकातील चौसष्ट बिटांच्या (द्विमान अंकांच्या) चिन्हरहित, म्हणजे ऋण नसलेल्या, पूर्णांकाची हीच कमाल मर्यादा असते. तिच्यात १ मिळवला की सगळे १ शून्य होतात आणि हातचा ठेवायला जागाच उरत नाही.

अवयवांबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. पाच ओळींचा प्रोग्रॅम क्षणात उत्तर देतो: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७, ६७००४१७. हे काम मुलांकडून हाताने करून घेण्यात त्यांचा वेळ खर्ची पडेल. त्याऐवजी त्यांना प्रोग्रॅम लिहायला शिकवावे.

आजरेकर

आमच्याकडच्या घनसाळ तांदळाच्या अंगाने एक हिशेब मांडतो. हजार दाण्यांचे वजन २० ग्रॅम धरले, तर हे सगळे दाणे सुमारे ३६,९०० कोटी टन भरतील. आज जगात वर्षाला साधारण ५० कोटी टनांच्या आसपास तांदूळ पिकतो, म्हणजे सगळ्या जगाने सातशे वर्षांहून अधिक काळ पिकवलेला तांदूळ त्या एका पटावर ठेवावा लागेल. एवढ्या घनसाळाची खीर करायची म्हटली तर रंकाळा तळेही पातेले म्हणून पुरणार नाही!

फळाखडू

द्विमान, आपण दिलेले सातही अवयव बरोबर आहेत. परंतु वेळ खर्ची पडेल हे म्हणणे मला मान्य नाही. मी तीस वर्षांहून अधिक काळ माध्यमिक शाळेत गणित शिकवले आहे, आणि माझ्या अनुभवात असा योग फार क्वचित येतो, की आठवीत घोकलेले एकच सूत्र वीस अंकी संख्येला अलगद उकलून दाखवते. ते सूत्र म्हणजे दोन वर्गांच्या वजाबाकीचे: अ^२ − ब^२ = (अ − ब)(अ + ब).

२^६४ हा २^३२ चा वर्ग आहे आणि १ हा १ चा वर्ग आहे. म्हणून २^६४ − १ = (२^३२ − १)(२^३२ + १). आता डावा कंस पुन्हा त्याच रूपात आहे. त्याचे (२^१६ − १)(२^१६ + १) होतात, त्यातील डाव्याचे (२^८ − १)(२^८ + १), आणि असेच खाली उतरत गेले की शेवटी २ − १, म्हणजे १ उरतो. मागे राहिलेले सर्व उजवे कंस एकत्र मांडले की चित्र स्पष्ट होते:

२^६४ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

सहा पायऱ्या उतरलो आणि सहा अवयव हाती आले. एकही भागाकार करावा लागला नाही. यातील कोणत्याही दोन अवयवांत सामाईक विभाजक नाही, आणि त्याचे कारणही मुलांना समजण्यासारखे आहे. कोणताही अवयव घ्या, त्याच्या आधीच्या सर्व अवयवांचा गुणाकार त्याच्यापेक्षा बरोबर २ ने कमी असतो: ३ × ५ = १५ आणि पुढचा १७; १५ × १७ = २५५ आणि पुढचा २५७. सामाईक विभाजक असता तर त्याने २ लाही भाग गेला असता, आणि हे सगळे अवयव तर विषम आहेत.

रंकाळाकाठ सर, फळ्यावर ही उतरंड एकदा पूर्ण लिहून दाखवा. प्रत्येक ओळीत डावा कंस फुटतो आणि उजवा तसाच राहतो, हे मुलांच्या डोळ्यांसमोर घडले पाहिजे.

अंकवेडी

फळाखडू सरांचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला. मी इचलकरंजीत हिशेबनीस आहे आणि संख्यांचा छंद जोपासते. देवळालीचे द. रा. कापरेकर यांनी ज्यांना हर्षद संख्या म्हटले, त्या कसोटीवर ही संख्या तपासली: जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या. येथे बेरीज ८७, म्हणजे ३ × २९. संख्येला ३ ने भाग जातो, परंतु अवयवांच्या यादीत २९ नाही. म्हणून ही हर्षद संख्या नाही. शितावरून भाताची परीक्षा करावी तसे अंकांच्या बेरजेवरून संख्येचे पुष्कळ गुण कळतात.

काटेकोर

अंकवेडी ताईंचा हिशेब बिनचूक आहे, परंतु शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे. अंकांची बेरीज ८७ येणे हा त्या संख्येचा गुण नसून आपण ती दशमान पद्धतीत लिहितो त्याचा परिणाम आहे. द्विमान पद्धतीत याच संख्येच्या अंकांची बेरीज ६४ येते. तेव्हा हर्षद असणे-नसणे हे लेखनपद्धतीनुसार बदलणारे आहे. याउलट ६४१ ने निःशेष भाग जाणे कोणत्याही पद्धतीत बदलत नाही. वीस अंकांकडे पाहून ही संख्या कशीतरी विस्कटलेली वाटते. २^६४ − १ असे लिहिताच तिची सगळी बांधणी उघडी पडते. मुलांना संख्येचे स्वतःचे गुण आणि तिच्या लेखनाचे गुण यांतील फरक याच उदाहरणातून शिकवता येईल.

अंकवेडी

काटेकोर, आपला मुद्दा मला पटतो, तरीही लेखनाचे गुण कमी प्रतीचे आहेत असे मी मानणार नाही. ९ ने भागल्यावर उरणारी बाकी हा संख्येचा स्वतःचा गुण आहे, आणि तो दशमान अंकांच्या बेरजेतून क्षणात दिसतो: ८७, मग १५, मग ६. म्हणजे बाकी ६. लेखन हे गुणांकडे जाणारे दार आहे.

भोगावतीकाठ

एक भाबडा प्रश्न विचारतो. २^३ − १ = ७, २^६ − १ = ६३ आणि २^६३ − १ या तिन्हींना ७ ने भाग जातो. मग अवघ्या एका घराने मोठ्या असलेल्या २^६४ − १ ला ७ ने भाग का जात नाही?

सागरमाळ

भोगावतीकाठ, आपला प्रश्न मुळीच भाबडा नाही. धाग्याच्या मूळ प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. मी गणितात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

२ चे घात ओळीने लिहा आणि प्रत्येकाला ७ ने भागून बाकी काढा. बाक्या येतात २, ४, १, २, ४, १, आणि पुढेही अशाच. हे चक्र तीन लांबीचे आहे. बाकी १ येते ती घातांकाला ३ ने भाग जातो तेव्हाच, आणि बाकी १ आली तरच १ वजा केल्यावर शून्य उरते. ६३ ला ३ ने भाग जातो, ६४ ला जात नाही. २^६४ ची बाकी २ येते, त्यातून १ वजा केल्यावर १ उरतो. ११ साठी चक्र दहाचे, १३ साठी बाराचे, १९ साठी अठराचे आहे. ६४ ला यांपैकी कशानेही भाग जात नाही, म्हणून या संख्या अवयवांच्या यादीत येऊच शकत नाहीत.

आता उलट बाजूने पाहावे. ज्या मूळ संख्येने २^६४ − १ ला भाग जातो, तिच्या चक्राच्या लांबीने ६४ ला भाग गेलाच पाहिजे. ६४ चे विभाजक १, २, ४, ८, १६, ३२, ६४ एवढेच. लांबी १ कोणत्याही विषम मूळ संख्येची नसते. लांबी २ फक्त ३ ची, ४ फक्त ५ ची, ८ फक्त १७ ची, १६ फक्त २५७ ची, ३२ फक्त ६५५३७ ची. उरलेल्या सर्व अवयवांची लांबी ६४ असणार, आणि ते सर्व ४२९४९६७२९७ च्या पोटात दडलेले आहेत. फळाखडू सरांची उतरंड आणि ही चक्रे या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

द्विमान

चक्रांचे हे विवेचन वाचून माझे मत निम्मे बदलले आहे. निम्मेच, कारण फळाखडू सरांच्या यादीतील शेवटचा अवयव ४२९४९६७२९७ सूत्राने फुटत नाही. २^३२ + १ मध्ये वर्गांची बेरीज आहे, वजाबाकी नाही. तेथे तरी यंत्राला शरण जावेच लागेल ना?

काटेकोर

यंत्र नव्हते तेव्हाही ती संख्या फुटली होती. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची १६४० च्या सुमारास अशी धारणा होती की २^१ + १, २^२ + १, २^४ + १, २^८ + १ या क्रमातील सर्वच संख्या मूळ आहेत. ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ खरोखरच मूळ आहेत. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले की त्यापुढच्याच ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भाग जातो. ६५५३७ च्या पुढे या क्रमातील एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.

फळाखडू

६४१ ची सिद्धता नववीच्या वर्गात दहा मिनिटांत होते, आणि ती इतकी देखणी आहे की येथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

६४१ दोन प्रकारे लिहा: ६४१ = ५ × २^७ + १, कारण ५ × १२८ = ६४०; आणि ६४१ = ५^४ + २^४, कारण ६२५ + १६ = ६४१. पहिल्यावरून, ६४१ ने भागताना ५ × २^७ ही संख्या −१ सारखी वागते. तिचा चौथा घात घेतला तर ५^४ × २^२८ ही संख्या १ सारखी वागणार. दुसऱ्यावरून ५^४ ही −२^४ सारखी वागते. ती त्या जागी ठेवली की −२^३२ ही १ सारखी वागते, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. भागाकार ६७००४१७ येतो. या सिद्धतेत चार अंकी संख्यासुद्धा लागत नाही.

मेरुप्रस्तार

आपल्याकडच्या परंपरेतून थोडी भर घालतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, दुपटीचेच एक उदाहरण आहे: एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या आणि पुढे रोज दुप्पट देण्याचे वचन दिले, तर महिन्यात किती निष्क होतील? तीस दिवसांची बेरीज २,१४,७४,८३,६४६ कवड्या येते. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क या कोष्टकाने तिचे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या होतात. भागाकार करून पाहिला, कवडीचाही फरक पडत नाही. या बेरजेत एक कवडी मिळवली की २^३१ − १ मिळते, आणि ती मूळ संख्या आहे.

त्याहून मोलाची आहे ती घात काढण्याची रीत. पदांची संख्या सम असेल तर तिचे अर्ध करून 'वर्ग' लिहायचे, विषम असेल तर एक कमी करून 'गुण' लिहायचे, आणि शून्यापर्यंत पोहोचल्यावर उलट दिशेने येत त्या क्रिया करायच्या. ६४ साठी सहा वेळा वर्ग आणि शेवटी एकदा गुण येतो. म्हणून २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६ आणि मग आपली संख्या अधिक १. त्रेसष्ट वेळा दुप्पट करण्याऐवजी सहा वर्ग पुरतात. दोनाच्या घातांसाठी या रीतीचे मूळ पिंगलाच्या छंदःशास्त्रापर्यंत जाते. अल-बिरूनीनेही इ.स. १००० च्या सुमारास पटावरील दाण्यांची हीच वीस अंकी बेरीज नोंदवली आहे.

माझ्या सभासदनामाशी निगडित एक गुणधर्मही सांगतो. पिंगलाच्या ग्रंथावर दहाव्या शतकात हलायुधाने जी टीका लिहिली, तीत मेरुप्रस्ताराचे स्पष्ट वर्णन आहे. आज पाठ्यपुस्तकात त्याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात. त्यातील प्रत्येक विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा, आणि प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा. शिखराला शून्यावी ओळ धरली तर क्रमाने १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७ अशा संख्या मिळतात. त्रेसष्टाव्या ओळीतील चौसष्टच्या चौसष्ट संख्या विषम आहेत, म्हणजे ती ओळ सलग चौसष्ट १ ची आहे. तीच आपली २^६४ − १.

अंकवेडी

मेरुप्रस्तार, आपण दिलेल्या संख्या पाहून मी थक्क झाले. १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५ हे सर्व आपल्याच संख्येचे विभाजक आहेत! सात भिन्न मूळ अवयव असल्याने तिचे एकूण विभाजक २^७, म्हणजे १२८ होतात. त्यांतील किती त्या त्रिकोणात सापडतात?

सागरमाळ

बरोबर निम्मे, म्हणजे चौसष्ट. ६४१ आणि ६७००४१७ त्रिकोणात नेहमी जोडीने येतात, ४२९४९६७२९७ या रूपात. सुटे कधीच येत नाहीत. त्यामुळे शून्याव्या ओळीपासून त्रेसष्टाव्या ओळीपर्यंतच्या चौसष्ट ओळी म्हणजे त्या सहा अवयवांचे सर्व संभाव्य गुणाकार होत.

यातील पहिल्या बत्तीस ओळींना भूमितीत फार मोठा अर्थ आहे. गाऊसने १७९६ मध्ये दाखवले की केवळ कंपास आणि पट्टीच्या साहाय्याने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. पुढे त्याने सर्वसाधारण अट दिली आणि तिची दुसरी बाजू १८३७ मध्ये वांझेलने सिद्ध केली: बाजूंची संख्या विषम असेल, तर ती फर्माच्या भिन्न मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. अशा पाचच मूळ संख्या आज माहीत असल्याने विषम बाजूंचे ज्ञात बहुभुज एकतीस होतात, आणि त्या एकतीसही संख्या आपल्या वीस अंकी संख्येचे विभाजक आहेत. त्यांतील सर्वांत मोठी २^३२ − १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५. हेर्मेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने ६५५३७ बाजूंच्या बहुभुजासाठी सुमारे दहा वर्षे खर्च केली. त्याचे हस्तलिखित ग्योटिंगेन येथे जपून ठेवले आहे.

भोगावतीकाठ

हेच दाणे मंदिरातील चौसष्ट चकत्यांच्या कथेतही येतात, असे वाचल्याचे आठवते.

काटेकोर

होय, ते हनोईच्या मनोऱ्याचे कोडे लुका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. एका वेळी एकच चकती उचलायची आणि लहान चकतीवर मोठी कधीच ठेवायची नाही, या नियमाने चौसष्ट चकत्यांची चळत तीन खुंट्यांपैकी एकीवरून दुसरीवर हलवण्यासाठी किमान २^६४ − १ चाली लागतात. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८,४५० कोटी वर्षे होतात. विश्वाचे आजवरचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे.

मूळ विषयाकडे येताना एक महत्त्वाची गोष्ट नोंदवतो. वीस अंक आहेत म्हणून संख्या अवघड, हा समज मुलांच्या मनातून काढला पाहिजे. आपल्या संख्येच्या दोन्ही बाजूंना पाहा. २^६१ − १, म्हणजे २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१, ही तिच्याहून लहान आहे, पण मूळ आहे. पेर्वुशिन या रशियन गणितज्ञाने ते १८८३ मध्ये सिद्ध केले. तिला कोणतेही सूत्र फोडू शकत नाही. २^६७ − १ ही थोडी मोठी. ती मूळ नाही एवढे लुकाने १८७६ मध्येच दाखवले होते, परंतु तिचे अवयव १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ आहेत हे कोल या अमेरिकन गणितज्ञाने १९०३ मध्ये जाहीर करेपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हते. ६१ आणि ६७ मूळ संख्या आहेत, म्हणून तेथे उतरंड लागतच नाही. ६४ हा स्वतः २ चा सहावा घात आहे, म्हणून आपली संख्या इतकी मोकळेपणाने उकलते.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उतरंड आणि ६४१ ची सिद्धता मी वर्गात घेतली; दोन्ही मुलांना पचली. परंतु माझा दुसरा प्रश्न अजून शिल्लक आहे. ६७००४१७ मूळ आहे हे कसे पटवावे? त्याचे वर्गमूळ २५८८ च्या थोडे पुढे येते. त्याखालील प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचे, तर पावणेचारशे भागाकार होतील.

सागरमाळ

रंकाळाकाठ सर, पावणेचारशे नव्हे, चारच भागाकार पुरतात. कसे ते सांगते.

६७००४१७ ला ज्या मूळ संख्येने भाग जाईल, तिने २^३२ + १ लाही भाग जाणार. तिला प म्हणू. प ने भागताना २^३२ ही −१ सारखी वागते. आता २^८ × (२^१६ − १) ही संख्या घ्या आणि तिचा वर्ग करा: २^१६ × (२^३२ − २^१७ + १). कंसातील २^३२ + १ हे शून्यासारखे वागते, म्हणून उरते −२^३३, म्हणजेच −२ × २^३२, म्हणजेच २. याचा अर्थ या संख्येचा वर्ग २ सारखा वागतो. २ चे चक्र ६४ चे, म्हणून या संख्येचे चक्र १२८ चे. फर्माच्या प्रमेयानुसार कोणत्याही चक्राच्या लांबीने प − १ ला भाग जातो. म्हणून प ही १२८ च्या पटीपेक्षा १ ने मोठीच असणार. हा नियम लुकाने १८७८ मध्ये दिला.

आता २५८८ पर्यंत १२९, २५७, ३८५ अशा १२८ च्या टप्प्यांनी चालत गेले, तर २५६१ पर्यंत वीसच उमेदवार मिळतात. त्यांतील १२९ ला ३ ने, ३८५ ला ५ ने, १५३७ ला २९ ने, १७९३ ला ११ ने, २१७७ ला ७ ने भाग जातो. असे गाळत गेले की मूळ संख्या पाचच राहतात: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. यांपैकी २५७ आधीच्या पायरीवरचा अवयव असल्याने, आणि फळाखडू सरांनी दाखवल्याप्रमाणे पायऱ्यांमध्ये सामाईक विभाजक नसल्याने, तोही बाद होतो. उरलेल्या चारांनी भागून पाहा:

६४१ ने भागता बाकी ४४.
७६९ ने भागता बाकी १२०.
११५३ ने भागता बाकी ३३४.
१४०९ ने भागता बाकी ६२२.

एकाही ठिकाणी शून्य आले नाही. ६७००४१७ मूळ आहे.

द्विमान

चारही भागाकार मी आज मुद्दाम कागदावर करून पाहिले आणि बाक्या जुळल्या. माझे उरलेले निम्मे मतही बदलले आहे. हा धागा मी आमच्या कार्यालयातील सहकाऱ्यांना वाचायला देणार आहे.

फळाखडू

सागरमाळ, आपली मांडणी उत्तम आहे. २^८ × (२^१६ − १) ही संख्या मुलांना आकाशातून पडल्यासारखी वाटेल, म्हणून ती पायरी दहावीसाठी ठेवावी. नववीला '१२८ च्या पटीत एक अधिक' हा नियम सांगून गाळणी आणि चार भागाकार करून घ्यावेत. शेवटी पडताळाही घ्यावा. सातही अवयवांच्या ९ ने भागलेल्या बाक्या ३, ५, ८, ५, २, ८, ७ अशा आहेत. त्यांचा गुणाकार करत प्रत्येक वेळी नऊ टाकले की ६ येतात, आणि अंकवेडी ताईंनी मूळ संख्येची बाकीही ६ च काढली होती. ११ ने केलेला पडताळा दोन्हीकडे ४ देतो.

रंकाळाकाठ

पडताळ्यासह सगळे जसेच्या तसे वर्गात घेणार आहे. त्याच मुलीने आता पुढचे विचारले आहे: पट दुप्पट मोठा केला आणि २^१२८ − १ घेतली, तर हीच रीत पुरेल का?

सागरमाळ

उतरंडीत एकच पायरी वाढते: २^६४ + १. तिच्या अवयवांना २५६ च्या पटीत एक अधिक असावे लागते, आणि तिचा लहान अवयव २७४१७७ तसाच आहे, २५६ × १०७१ + १. म्हणजे तो गाठण्यासाठी १०७१ उमेदवार पार करावे लागतात, आणि त्यांतील बहुसंख्य ३, ५, ७, ११ यांनीच गळतात. दुसरा अवयव ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. हे दोन्ही अवयव लांद्री या फ्रेंच गणितज्ञाने १८८० मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, हातानेच काढले. दुसरा अवयव मूळ आहे हे आपल्या रीतीने तपासायचे तर सुमारे ८२ लाखांपर्यंत जावे लागते आणि उमेदवारांची संख्या ३२ हजारांच्या घरात पोहोचते. तेव्हा त्या मुलीला २७४१७७ ने भागण्यापर्यंतचे काम वहीवर करू द्यावे, आणि शेवटच्या तपासणीसाठी द्विमान यांनी सुचवलेला प्रोग्रॅम तिच्याकडूनच लिहून घ्यावा; मात्र त्यात १२८ ऐवजी २५६ चे टप्पे घ्यायला सांगावे.